गिटारची नेक आणि हेडस्टॉक: घरच्या घरी नवं पॉलिश

जून ते सप्टेंबर या काळात मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. तळहाताला घाम येतो, अंगठा नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याच्या, पाठीला चिकटतो आणि पाचव्या फ्रेटवरून (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) बाराव्यावर जाताना हात मध्येच अडतो. नवा शिकणारा समजतो, आपला सराव कमी पडतोय. पुष्कळदा सराव ठीक असतो, नेकवरचा चकचकीत थर हात धरून ठेवत असतो. वाजवताना सबंध वेळ आपल्या कातडीला लागून असते ती नेकची पाठच. म्हणून तिच्यावर काय लावलंय याची काळजी बॉडीच्या रंगापेक्षा आधी करावी, असं माझं ठाम मत आहे.

हे काम घरी होतं. त्याला सुतारकीचं शिक्षण लागत नाही, पण दोन-तीन आठवडे थांबायची तयारी लागते. प्रत्यक्ष हात चालतो तो फार तर सहा-सात तास, बाकी सगळा वेळ वाळण्याचा.

मी इथे डोळ्यांसमोर ठेवली आहे ती चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली, मेपलची नेक आणि वर शिसवी फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) असलेली गिटार. ही जोडण्याची पद्धत लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५० च्या सुमारास रूढ केली. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्या नमुन्यावर आजवर बनलेल्या असंख्य स्वस्त-महाग गिटारी याच पद्धतीच्या. स्क्रू काढले की नेक हातात येते, त्यामुळे शिकायला हीच सोयीची. नेक सरसाने कायमची चिकटवलेली असेल, म्हणजे बहुतेक अकूस्टिक आणि लेस पॉलसारख्या गिटारी, तर पहिला प्रयोग तिच्यावर करू नका. आणि घरात कुणाची जुनी, साठ-सत्तरच्या दशकातली मूळ फेंडर किंवा गिब्सन असेल तर तिला पॉलिश पेपर अजिबात लावू नका. मूळ फिनिश गेलं की अशा गिटारीची किंमत पडते आणि ती परत आणता येत नाही.

आधी ओळखा, वर काय लावलंय

नेक काढल्यावर तिचा जो चौकोनी बुंधा बॉडीच्या खाचेत बसतो, तो एरवी कुणाला दिसत नाही. चाचणी तिथे करायची. कान साफ करायच्या काडीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एका कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. थर चिकट होऊन कापूस पिवळसर झाला तर ती लाख, म्हणजे चपड्याचं पॉलिश. काही झालं नाही तर दुसरी काडी ॲसिटोनमध्ये बुडवा. थर मऊ पडला, बोटाला चिकटला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. ॲसिटोननेही ढिम्म हलला नाही तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. आज बाजारात मिळणाऱ्या परवडणाऱ्या गिटारींवर बहुतेक वेळा हेच शेवटचं निघतं. काही नेकवर कारखान्यातच मंद, तलम थर असतो. तो आवडत असेल तर पाठीला हातच लावू नका, सरळ खालच्या हेडस्टॉकच्या (नेकचं टोक, जिथे तारा ताणायच्या चाव्या असतात) भागाकडे जा.

ही चाचणी कंटाळा करून टाळू नका. खाली जुना थर आणि वर न जुळणारा नवा थर असला की नवा थर सुरकुततो, आणि मग सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

कधी करायचं

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. हवा कोरडी असते. हेडस्टॉकवर स्प्रे मारायचा असेल तर हा नियम मोडूच नका. मी पहिल्यांदा हे काम जुलैत केलं, गॅलरीत, पाऊस थांबलेला बघून. पहिला पारदर्शक हात मारला तेव्हा हेडस्टॉक आरशासारखा दिसला. दहा मिनिटांत त्यावर दुधाळ साय धरली, थंड काचेवर श्वास सोडल्यासारखी. झालं असं की लॅकरमधला थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर उतरतं आणि थरात अडकून राहतं. ती साय घालवायला मला डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.

सामान

पॉलिश पेपर लागतील १८०, २४०, ३२० आणि ४०० नंबरचे. वॉटर पेपर ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० चे. सगळे एकदम घ्यायची गरज नाही, पुढचं वाचून काय करायचं ते ठरवा आणि तेवढेच घ्या. चांगल्या प्रतीचा मास्किंग टेप घ्या, कारण स्वस्त टेप डिंक मागे ठेवतो. सुती बनियनच्या चिंध्या, हातमोजे, एन-९५ मास्क. चाव्यांच्या नटाला बहुतेक वेळा १० चा पाना लागतो. आणि जुन्या हवाई चपलेचा एक तुकडा. रंगारी मंडळी पॉलिश पेपर या रबरावर गुंडाळतात. नेकच्या गोलाईवर तो बरोबर वळतो आणि बोटांच्या दाबाने लाकडात पडणारे खळगे टळतात. मी लाकडाचे, कॉर्कचे ठोकळे वापरून बघितले. नेकसाठी चपलेइतकं चांगलं काही सापडलं नाही.

पेंट रिमूव्हर आणू नका. तो रिमूव्हर तारांखालचा नट (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचा असलेली आडवी पट्टी), बाजूचे प्लास्टिकचे ठिपके आणि पांढरी पट्टी असल्यास तीही विरघळवतो. हीट गनही नको. उष्णतेने फिंगरबोर्डचा सरस सुटू शकतो.

नेक सोडवणं

तारा एकदम कापू नका. चाव्या फिरवून सगळ्या तारा थोड्याथोड्या सैल करत आणा, लोंबायला लागल्या की मग काढा. चाव्या, त्यांचे मागचे बारीक स्क्रू, समोरच्या वॉशर-नट आणि तारा दाबून धरणाऱ्या छोट्या क्लिपा काढून डबीत ठेवा. कुठला स्क्रू कुठला, हे कागदावर चिकटपट्टीने चिकटवून लिहा. चाव्यांचे स्क्रू इतके नाजूक असतात की चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावला तर डोकं लगेच झिजतं.

मग गिटार उपडी करून मऊ टॉवेलवर ठेवा आणि मागच्या पत्र्यातले चार स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे सैल करा. नेक निघाली की खाचेत नीट बघा. कधीकधी तिथे कागदाचा किंवा लाकडाचा पातळ तुकडा सापडतो. तो कचरा नव्हे. नेकचा कोन जमवायला कुणीतरी मुद्दाम घातलेला असतो. जसा होता तसा परत जायला हवा, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा.

ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या पोटातल्या लोखंडी सळईला, हात लावू नका. तारांचा ताण नसताना काही दिवस नेक तशीच राहिली तर बिघडत नाही.

आता टेप. सबंध फिंगरबोर्ड, फ्रेटसकट, झाकून घ्या. टेपची कड फिंगरबोर्डच्या वरच्या धारेवर नेमकी आणा आणि नखाने दाबा. नटवर दोन थर. बुंध्याच्या चारही बाजूंना टेप लावून ठेवा, तिथे घासायचं नाही आणि रंगही नको. तो भाग खाचेत घट्ट बसण्याच्या मापाचा असतो. घासला तर नेक हलते, रंग चढला तर आत जात नाही आणि जबरदस्ती केली की बॉडीच्या रंगाला तडा जातो.

नुसती चकाकी उतरवायची असेल तर

पुष्कळांचं काम इथेच संपतं, आणि संपलं तर फार चांगलं. थर शाबूत ठेवून फक्त त्याची चमक मोडायची. ६०० चा पेपर कोरडाच चपलेच्या तुकड्यावर गुंडाळा आणि नटजवळून बुंध्याकडे लांब, हलके हात मारा. आडवे नाही, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. पंधरावीस हातांत चमक जाऊन पाठ काचेवर भस्म फासल्यासारखी दिसायला लागते. मग ८००, मग १०००. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि डोळे मिटून हात फिरवा.

गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या सामानाच्या दुकानात राखाडी रंगाची तलम घासणी मिळते, शेवटचा हात तिने मारला तर आणखी एकसारखं येतं. काही लोक स्टील वूल वापरतात. वापरायचं तर नेक बॉडीपासून दुसऱ्या खोलीत नेऊन वापरा. त्याचे लोखंडी कण पिकअपच्या (तारांखाली बसवलेला, आवाज टिपणारा भाग) चुंबकाला जाऊन चिकटतात आणि निघता निघत नाहीत.

ही मंद झालेली पाठ वर्षभर वाजवल्यावर हाताच्या तेलाने पुन्हा थोडी चमकायला लागते. पुन्हा १००० चे दहा हात. नेक काढायचीही गरज नाही, तारा सैल करून, फिंगरबोर्ड आणि पिकअप झाकून होतं. मला कुणी विचारलं तर मी आधी महिनाभर असं वाजवून बघा म्हणतो. खाली लाकडापर्यंत जायचं ते त्यानंतर.

लाकडापर्यंत जायचं असेल तर

थराचे पोपडे निघालेत, ठिकठिकाणी खोल ओरखडे आहेत, किंवा लाकडाचाच स्पर्श हवाय, तर पूर्ण थर उतरवायचा.

१८० च्या पेपरची दोन बोटं रुंद पट्टी कापा, मागून टेप चिकटवा म्हणजे फाटणार नाही. नेक मांडीवर टॉवेलमध्ये धरून, बूट पॉलिश करणारा फडकं जसं दोन्ही हातांनी मागेपुढे ओढतो, तशी पट्टी पाठीवरून ओढा. आडवं घासायची मुभा एवढ्या एका टप्प्यालाच आहे. एका जागी पाचसहा वेळांपेक्षा जास्त थांबू नका, सरकत राहा, नाहीतर पाठीला कंबर पडेल.

मास्क इथे हवाच. पॉलिएस्टरची भुकटी पिठासारखी पांढरीशुभ्र आणि हलकी असते. ती हवेत तरंगत राहते. भुकटीचा रंग बघत राहा, तुम्ही कुठवर आलात ते तीच सांगते. पांढरी आहे तोवर तुम्ही थरात आहात. ती सायीच्या रंगाची, किंचित पिवळसर झाली आणि लाकडाचा मंद गोडसर वास आला की लाकूड लागलं. त्या जागी लगेच थांबा आणि जिथे अजून पांढरी निघते तिथे जा.

थर सगळा गेला की नाही हे कोरड्या नेकवर कळत नाही. फडकं पाण्याने ओलसर करून एकदा पाठीवरून फिरवा. उघडं लाकूड पाणी पिऊन गडद होतं आणि जिथे थर उरलाय तिथे फिकट बेटं दिसतात. त्या बेटांना पेन्सिलीने खूण करा. पाणी वाळल्यावर तेवढीच घासा. हे दोन-तीनदा करावं लागतं. उरलेल्या एका बेटामुळे पुढे तेलाचा डाग पडलेला दिसतो, म्हणून इथे डोळेझाक नको.

मग २४०, ३२०, सगळं लांबीच्या दिशेने. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पुसले जायला हवेत. टेबलावरचा दिवा नेकच्या लेव्हलला आडवा ठेवा. तिरक्या उजेडात आडवे ओरखडे लगेच उठून दिसतात, वरच्या ट्यूबलाइटमध्ये कधीच दिसत नाहीत. शेवटी पुन्हा ओलं फडकं फिरवा. लाकडाचे तंतू उभे राहतात, पाठ दाढीच्या खुंटासारखी लागते. पूर्ण वाळल्यावर ४०० ने ते हलकेच कापा. ही पायरी गाळली तर पहिल्या घामाला तेच खुंट तुमच्या हाताखाली उभे राहतील.

मेपलची रंध्रं बारीक असतात, त्यामुळे ती बुजवायला लांबी (पुट्टी) भरायची गरज पडत नाही. महोगनीची नेक असेल तर पडते.

उघडं लाकूड तसंच सोडून वाजवणारेही आहेत. आपल्या हवेत ते करू नका. मेपल घाम पिऊन आधी राखाडी, मग काळपट होतं, आणि दमट हवेत नेक वाकते-सुटते.

वर काय लावायचं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण चुकीची निवड इथेच होते.

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतं ते चपड्याचं पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, बोळ्याने एकावर एक चढवायची. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवर दिसणारी खोल, आतून उजळलेली झळाळी अशाच पॉलिशची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सतारीच्या दांड्यावर डावा अंगठा नुसता टेकून सरकतो. गिटारच्या नेकला आख्खा पंजा विळखा घालतो, तासन् तास. लाख घामाने मऊ पडते आणि हाताला सॅनिटायझर लागलेला असला तर त्यातल्या अल्कोहोलने बोटांचे ठसे उमटतात. हेडस्टॉकसाठी लाख सुंदर, नेकच्या पाठीसाठी नको.

दुसरा मार्ग तेलाचा. क्रिकेटच्या बॅटला आपण अळशीचं तेल लावतो, तोच विचार. कच्चं अळशीचं तेल मात्र आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. रंगाच्या दुकानात डबल बॉइल अळशी तेल मिळतं, ते लवकर वाळतं, पण थर मऊच राहतो. टंग ऑइल किंवा बंदुकीच्या दस्त्यासाठी बनवलेलं वाळणारं तेल मिळालं तर ते घ्या. म्युझिक मॅन कंपनी आपल्या कित्येक नेकवर दस्त्याचं तेल आणि वर मेण एवढंच लावते, आणि त्या नेकच्या स्पर्शाची तारीफ जगभर होते.

तेल लावायची रीत सोपी आहे. चिंधीवर चार थेंब घ्या, सगळ्या पाठीला चोळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग कोरड्या चिंधीने असं पुसून काढा की काही लावलंच नव्हतं असं वाटावं. जाड थर राहिला तर तो चिकटच राहतो आणि ज्या त्रासातून सुटायला निघालो तोच परत येतो. चोवीस तास वाळू द्या. दुसऱ्या हाताआधी ६०० चा नुसता स्पर्श. असे पाच-सहा हात. शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबून मधमाशांचं मेण चिमूटभर लावून फडक्याने घोटा. घोटताना फडक्याखाली पाठ गरम लागायला हवी.

तेलाच्या चिंध्यांबद्दल नीट ऐका. वाळणारं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. चिंधी चुरगळून डब्यात टाकली की ती उष्णता कोंडते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. वापरलेली प्रत्येक चिंधी पाण्यात बुडवा, किंवा मोकळ्या हवेत दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्या आणि मगच फेका. घरात लहान मुलं असोत नसोत, हे पाळाच.

तिसरा मार्ग म्हणजे एका डब्यातलं, तेलाच्या जातीचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, डब्यावर जो थिनर सांगितला असेल त्यानेच निम्मं-निम्मं पातळ करून, चिंधीने पुसत लावायचं. रात्रभर वाळवून, मध्ये ४०० चा हलका हात मारत, चार ते सहा हात. शेवटी आठ-दहा दिवसांनी १००० ने चमक मोडायची. दोन डब्यांतलं, हार्डनर मिसळायचं पीयू घरात फवारू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात आणि साध्या मास्कने अडत नाहीत.

तेल की पीयू? पुणे, नाशिक, सोलापूर, संभाजीनगरकडे राहत असाल तर तेल लावा, त्याच्यासारखा स्पर्श नाही. मुंबई, कोकण, गोव्यात असाल तर पीयू. तेल हवेतल्या दमटपणाला फारसं अडवत नाही, पातळ पीयू त्याहून बरंच अडवतं. मला स्वतःला तेल आवडतं, तरी समुद्राकाठच्या मित्राच्या नेकवर मी पीयूच लावलं.

हेडस्टॉक

इथे हाताला काही लागत नाही, डोळ्याला लागतं. म्हणून नियम उलटा: पाठीवर थर कमीत कमी, इथे थर पुरेसा आणि सपाट.

मूळ थर शाबूत असेल तर तो उतरवू नका. ४०० ने त्याची चमक मोडा आणि त्यावरच रंग द्या, कारखान्याच्या थराइतका सपाट पाया तुम्हाला घरी मिळणार नाही. बोधचिन्हाचं स्टिकर घासताना जाणार, आणि मागे अनुक्रमांक असेल तर तोही जाईल. तो हवा असेल तर मागची बाजू टेपने झाका, निदान फोटो तरी ठेवा. आणि नवं नाव लावायचं तर स्वतःचं लावा. दुसऱ्या कंपनीचं स्टिकर लावलेली गिटार पुढे कुणाच्या तरी हाती विकली जाते आणि तो माणूस फसतो.

समोरची बाजू घासताना चपलेचा तुकडा बाजूला ठेवा. इथे सपाट लाकडी ठोकळाच हवा. बोटांनी घासलं तर चाव्यांच्या भोकांभोवती खळगे पडतात आणि कडा गोल होतात. नको असलेली स्क्रूची भोकं आगपेटीची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून बुजवा, वाळल्यावर पात्याने सपाट कापा.

हातात धरून स्प्रे मारता येत नाही. बुंध्याच्या स्क्रूच्या भोकांना हातभर लांब पट्टी स्क्रूने जोडा, ती मूठ म्हणून धरा, आणि वाळवताना तिनेच टांगा. बाकी नेकला जुनं वर्तमानपत्र गुंडाळा. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक पडतो. कोमटच, गरम पाण्यात कधीही नाही. डबा दोन-तीन मिनिटं नीट हलवा. मग वीतभर अंतरावरून, हेडस्टॉकच्या बाहेर फवारा सुरू करायचा, एका गतीने वरून न्यायचा आणि पलीकडे बाहेरच बंद करायचा. पहिला हात इतका विरळ की खालचा रंग दिसतोच आहे. तो झाकायचा मोह होतो आणि तिथेच ओघळ येतो. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असे तीन-चार हात दिले की आपोआप झाकतो.

एक दिवसाने, स्टिकर लावायचं असल्यास लावून, पारदर्शक लॅकरचे सहा-सात विरळ हात, दोन दिवसांत विभागून. शेवटच्या हातानंतर टेप लगेच, थर मऊ असतानाच, स्वतःवरच मागे दुमडत सावकाश काढा. कडक झाल्यावर ओढलात तर नटजवळची कड टेपबरोबर उचकटून येते. उशीर झालाच तर आधी कडेवरून ब्लेड हलकेच फिरवा.

आता दोन आठवडे. वाळलं का हे बोटाने दाबून बघू नका, नाक लावून बघा. थिनरचा वास येतोय तोवर आत ओलं आहे.

वास गेला की १००० चा वॉटर पेपर सपाट ठोकळ्यावर, पाण्यात साबणाचा एक थेंब. पाणी कमीत कमी वापरा आणि चाव्यांच्या भोकांत शिरू देऊ नका. तिथलं लाकूड उघडं असतं, ते फुगून भोकाभोवती थराला वर्तुळाकार चिरा पाडतं. भोकांच्या आतल्या बाजूला आधीच काडीने लॅकर फिरवून ठेवलं तर ही भीती कमी होते. बारीक चमकते ठिपके दिसेनासे होईपर्यंत १०००, मग १५००, २०००, आणि शेवटी गाड्यांचं रबिंग कंपाउंड. कडांवर ठोकळा नेऊ नका. थर तिथे सगळ्यात पातळ असतो, दोन हात जास्त बसले की खालचा रंग उघडा पडतो.

हेडस्टॉकचा चकचकीत थर आणि पाठीचं मंद तेल यांचा सांधा नटच्या मागे, जिथे नेक रुंद व्हायला लागते, त्या वळणावर घ्या. ६०० ने कडेची पायरी मोडा. पहिल्या फ्रेटवर अंगठा ठेवला की ती जाणवायला नको.

पुन्हा जोडणी

चाव्या बसवताना नट हाताने लागेल तेवढा लावा आणि पान्याने अगदी हलकाच आवळा. नवा थर कितीही वाळला तरी पहिल्या महिन्यात वॉशरखाली चिरडतो.

नेक खाचेत बसवा, तो कागदाचा तुकडा आठवणीने परत ठेवा. स्क्रूच्या आट्यांना कोरडा साबण घासा. प्रत्येक स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो बारीक टक् करून खाली उतरतो, तिथे जुना आटा मिळाला. आता सुलट आवळा. असं न करता सरळ आवळलात तर स्क्रू लाकडात दुसरा आटा पाडतो आणि दोन-तीन वेळा असं झालं की भोक ढिलं होतं.

तारा लावून सुरात आणा आणि एक दिवस तशीच ठेवा. नेक पुन्हा ताणाला सरावते. दुसऱ्या दिवशी तारांची उंची बघा, ट्रस रॉड फिरवायची गरज वाटली तर पाव वळशाहून जास्त एका वेळी नको. पहिले तीन-चार आठवडे कापो (नेकवर लावायचा, तारा दाबून धरणारा चिमटा) लावू नका आणि गिटार रबराच्या स्टँडवर टांगू नका. काही रबर कोवळ्या लॅकरला चिकटून डाग पाडतात. तोवर ती पेटीत, नेकखाली सुती फडकं घालून ठेवा, आणि वाजवून झालं की पाठीवरून कोरडा हातरुमाल फिरवा.